मासा कोणाचा आणि खातंय कोण: रापणीवरची घारींची चोरी कशी बघायची

मी मालवणजवळ खानावळ चालवते. वर पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत. रोजची मासळी मी स्वतः किनाऱ्यावर जाऊन घेते, त्यामुळे सकाळ माझी वाळूत जाते. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून होईपर्यंत आणि भाव ठरेपर्यंत हाताला काही काम नसतं. मग मान वर करून घारींचे उद्योग बघायचे. घारींनी घारींचे मासे हिसकायचे, कावळ्यांनी घारींचे, काकणाने, म्हणजे समुद्र गरुडाने, सगळ्यांचे. पाहुण्यांना हे सांगितलं की ते दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर येतात, दुर्बीण लावतात आणि तासाभराने म्हणतात, "काकी, नुसत्या घारी फिरतायत हो, चोरी काही दिसली नाही." तेवढ्यात मी दोन-चार बघितलेल्या असतात. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतेय.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. पक्षी बघू नका, मासा बघा. रापणीवर एका वेळी वीस-तीस पक्षी असतात आणि त्यातले निम्मे एकमेकांच्या मागे लागलेले असतात. त्यातला सुंदर दिसतो तो पक्षी धरून बसलात तर तो गोल गोल फिरून तुम्हाला दमवेल. त्यापेक्षा खाली बघा. पाण्यातून किंवा वाळूवरून मासा उचलला गेला की तो मासा नजरेत पकडा आणि खाऊन संपेपर्यंत सोडू नका. मालक बदलला तरी नजर माशावरच ठेवायची. चोर कोण हे शोधावं लागत नाही, तो स्वतःच माशाकडे चालून येतो.

उभं कुठे राहायचं आणि कधी

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य पाठीशी असतो, संध्याकाळी डोळ्यांत. संध्याकाळी मालवणच्या दांडी किनाऱ्यावर लिलावाला गर्दी जास्त असते, माणसांची आणि घारींचीही, पण त्या उजेडात सगळे पक्षी काळे दिसतात आणि पायातला मासा तर दिसतच नाही. म्हणून सकाळच बरी, उजाडल्यापासून साधारण दहापर्यंत.

वाऱ्याचंही एक आहे. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे आपण सगळ्यांनी घोकलेले असतात, ते इथे उपयोगी पडतात. सकाळी मतलई जमिनीवरून समुद्राकडे वाहत असतो. समुद्रावरून मासा घेऊन येणाऱ्या पक्ष्याला तो समोरून लागतो. पायात ओझं, तोंडावर वारा, म्हणजे पक्षी सावकाश येतो आणि थेट तुमच्याकडे तोंड करून येतो. नवख्या माणसाला याहून सोपं काही मिळणार नाही. दुपारी खारे वारे सुटले की तोच पक्षी पाठीवर वारा घेऊन डोक्यावरून झपकन माडांत शिरतो आणि पुढचं सगळं झावळ्यांमागे होतं.

हंगाम म्हणाल तर नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळला की रापणी सुरू होतात, त्या मे महिन्यापर्यंत. पण चोरीच बघायची तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा उत्तरेकडून आलेले कुरव, सुरय, ऑस्प्रे (मासे धरणारा शिकारी पक्षी), दलदली भोवत्या हे सगळे पाहुणे इथे असतात. गिऱ्हाईक वाढलं की चोरही वाढतात.

रापण म्हणजे काय हे घाटावरच्यांना सांगायला हवं. होडीतून जाळं समुद्रात अर्धवर्तुळ करत सोडत जायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर ठेवायचे, आणि दोन्हीकडे माणसांनी रांगेत उभं राहून ओढायचं. ओढायला सुरुवात होते तेव्हा आकाश जवळजवळ रिकामं असतं. जाळं कमरेएवढ्या पाण्यात आलं, आतली मासळी तडफडायला लागली, की माडांवर बसलेल्या घारी एकेक करून सुटतात. तुमची वेळ तीच. दोन दोरांच्या मध्ये उभं राहू नका. माणसांच्या पायात येता आणि शिव्या खाता. एका टोकाच्या बाहेरच्या अंगाला, पंधरा-वीस पावलांवर थांबा. त्याहून चांगलं म्हणजे कॅमेरा गळ्यातून काढून पिशवीत ठेवा आणि थोडा वेळ दोराला हात लावा. दोर धरणाऱ्याला कोणी परका म्हणत नाही, आणि मुठभर मासळी पदरात पडते ती वेगळी. त्यानंतर रापणकार स्वतःच हाक मारून दाखवतात, "ती बघा ओ वयनी, इली चोरटी!" त्यांचे डोळे तुमच्या दुर्बिणीपेक्षा तयार आहेत. पर्ससीनवाल्यांच्या (यांत्रिक होड्यांतून मोठी जाळी टाकणाऱ्यांच्या) भांडणात रापणी कमी झाल्या हे दुखणं इथे प्रत्येकाच्या तोंडी आहे. तोही विषय निघेल, ऐकून घ्या.

रापण नसेल त्या दिवशी देवबागला जा. कर्ली खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे ओहोटीला वाळूचे पट्टे उघडे पडतात, त्यावर कुरव आणि सुरय थव्याने बसलेले असतात. पर्यटकांच्या होड्या सुरू व्हायच्या आत पोहोचायचं. दापोलीकडे असाल तर हर्णैचं बंदर आहेच, सुवर्णदुर्गासमोरचं.

ओळख

फार पक्षी ओळखावे लागत नाहीत. ब्राह्मणी घार: डोकं-छाती पांढरी, बाकी अंग विटकरी, शेपटीचं टोक गोल. साधी घार: सगळी तपकिरी, शेपटीला खाच. घोटाळा होतो तो ब्राह्मणीच्या पिल्लांशी, कारण तीही तपकिरी असतात. शेपटी बघायची, रंग नाही. काकण म्हणजे पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड. अंग पांढरं, पंखांची मागची कड काळी, घिरट्या घालताना पंख वर उचललेले, आणि आकार असा की बाजूची घार एकदम लहान वाटायला लागते. ब्राह्मणीचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास, काकणाची मादी तीन-चार किलोपर्यंत जाते. एवढं कळलं तरी कोण कोणाला दम देणार हे तुम्ही सांगू शकता. ऑस्प्रे खाडीत दिसते. डोळ्यातून जाणारा काळा पट्टा, लांब निमुळते पंख, आणि ते मनगटात मोडल्यासारखे. उरला कावळा. त्याला यादीत धरायला विसरू नका. शिकारी पक्षी चोरी करतात तशी त्यांच्याकडेही चोरी होते, आणि ती बहुतेक वेळा हाच करतो.

कोणाला लुटता येतं

इथे मासळी घेणाऱ्या बाईचं डोकं कामाला येतं. ज्याचा घास लगेच पोटात जातो त्याला लुटता येत नाही. बगळ्याने बोटाएवढा मासा टिपला आणि गिळला, संपलं. घारीने त्याच्यावर झडप घालून काय मिळवायचं? पण त्याच बगळ्याने मोठा शेवटा मासा धरला आणि तो तोंडात सरळ करायला वेळ लागला, तर दोन घारी लगेच डोक्यावर येतात. चोरीला मुहूर्त लागतो, आणि तो म्हणजे मासा उचलल्यापासून खाऊन संपेपर्यंतचा वेळ. हा वेळ ज्याचा जास्त, त्याच्यावर नजर ठेवा.

ब्राह्मणी आणि साधी घार, दोघी उडता उडता खातात. पाय पुढे आणून चोचीला लावायचा आणि तोडायचं. पेडवे, तारली अशी बारीक मासळी त्या हवेतच दोन-चार घासांत संपवतात, खाली उतरतही नाहीत. बांगडा मात्र तसा संपत नाही. पायात धरून न्यायला सोपा, लांबून चमकणारा, आणि खायला वेळ घेणारा. त्यामुळे रापणीत काय आलं ते आधी विचारा. पेडव्यांचा दिवस असेल तर पाटी घेऊन या, बांगड्यांचा असेल तर दुर्बीण.

ऑस्प्रेचं दुःख आणखी वेगळं. मासा धरण्यात तिच्या तोडीचं कोणी नाही. तळव्याला खरखरीत काटे, बाहेरचं बोट मागे वळतं, त्यामुळे दोन पुढे दोन मागे अशी पकड बसते आणि निसरडा मासाही सुटत नाही. पाण्यातून वर आली की ती मासा फिरवून त्याचं तोंड पुढे करते, वारा कापायला सोपं जावं म्हणून. पण तिला खायला बसायला जागा लागते, वाळका फाटा नाहीतर खाडीतला खांब. त्या जागेपर्यंत ती आपली शिकार सगळ्या गावाला दाखवत जाते. कधी कधी बसायच्या आधी उगाच फेऱ्या मारते. काकणाला एवढं पुरेसं असतं.

१९७९ साली ब्रॉकमन आणि बर्नार्ड या दोन अभ्यासकांनी पक्ष्यांमधल्या चोरीबद्दलची तोवरची माहिती एकत्र करून जे मांडलं ते साधारण असंच आहे. घास मोठा आणि डोळ्यांना दिसणारा हवा, तो मिळवणारे एका जागी पुष्कळ हवेत, आणि ते कुठून कुठे जातात हे ठरलेलं हवं. रापणीवर या तिन्ही गोष्टी रोज सकाळी जुळून येतात. समुद्रात आत याच धंद्यात स्कुआ नावाचे समुद्रपक्षी मुरलेले आहेत, पण ते शिकारी पक्ष्यांत मोडत नाहीत आणि किनाऱ्यावरून क्वचितच दिसतात, म्हणून त्यांचं इथे नको.

चोरी की नुसतं भांडण

पाहुण्यांचं सगळ्यात जास्त इथेच चुकतं. हवेत पाठलाग दिसला की "चोरी!" असं ओरडतात. पहिला प्रश्न एकच विचारायचा: पुढच्याच्या पायात काही आहे का? नसेल तर चोरी नाही. कावळे रिकाम्या घारीच्या मागे लागतात ते तिला हुसकावायला, घरटं जवळ असतं म्हणून किंवा सवयीने. काकणाच्या मागे ब्राह्मणी लागते तेही बऱ्याचदा असंच असतं.

पायात काही आहे, तरी घाई करू नका. जानेवारीपासून उन्हाळ्यापर्यंत घारींची पिल्लं घरट्याबाहेर पडतात आणि आईबापाच्या मागे ओरडत फिरतात. मागचा पक्षी सतत ओरडत असेल, अंग पिल्लाचं असेल, आणि पुढचा पळायचा प्रयत्न करत नसेल, तर ते मागणं आहे. चोर सहसा ओरडत नाही. ओरडतो तो लुटला जाणारा.

आणखी एक फसवं दृश्य म्हणजे जोडीतली देवघेव. हे किनाऱ्यापेक्षा कातळावर आणि माळावर कापशी घारीत छान दिसतं. नर उंदीर घेऊन येतो, मादी खालून वर जाते, आणि हवेतच पायातून पायात उंदीर जातो. लांबून बघणाऱ्याला वाटतं हिसकला. ओळखायची खूण अशी की देणारा वेग कमी करतो आणि घेणारी खालच्या बाजूने येते. चोर उलट, वरून आणि मागून येतो, आणि पुढचा वेग वाढवतो, वळणं घेतो.

तिसरा प्रकार मला फार आवडतो. ब्राह्मणीची पिल्लं पान किंवा काटकी पायात घेऊन वर जातात, सोडतात आणि खाली पडायच्या आत झेलतात. दुसरं पिल्लू मध्ये घुसलं की हुबेहूब चोरी वाटते. दुर्बिणीतून नीट बघा, पायात मासा नसून आंब्याचं पान असतं. हे झेलणं पुढे खऱ्या माशावर उपयोगी पडत असणार, असा माझा अंदाज.

खरी चोरी ठरवायला मी तीन गोष्टी बघते. पुढच्याकडे खाणं होतं, मागचा त्या खाण्यामागेच वळत होता, आणि खाणं सुटलं किंवा बदललं तेव्हा मागच्याने पक्ष्याचा नाद सोडून खाण्यामागे उडी घेतली. तिसरी गोष्ट घडली की शंका उरत नाही.

जवळून बघितलेल्या दोन चोऱ्या

देवबागच्या टोकाला एकदा ऑस्प्रेने चांगला हातभर लांब शेवटा धरला. ती पाण्यातून वर निघाली, हवेतच अंग झाडलं, मासा सरळ केला आणि खाडीच्या आतल्या बाजूला निघाली. सुरूच्या झाडाच्या शेंड्यावर काकण बसलेलं होतं. ते लगेच सुटलं, पण तिच्या दिशेने नाही. आधी बाजूला जाऊन उंची घेतली. माणसाला वाटावं की याला काही देणंघेणंच नाही. ऑस्प्रे खांबाजवळ पोहोचणार तेवढ्यात ते वरून आलं. पहिल्या झडपेला ती वळली, मासा तसाच. दुसऱ्या झडपेला काकणाने पाय पुढे काढले आणि तिच्या पाठीवरून इतक्या जवळून गेलं की पंखाला पंख लागला असं मला वाटलं. ती ओरडली आणि मासा सोडून दिला. काकणाला तो हवेत मिळाला नाही. पाण्यावर पडला, तिथून त्याने एका पायाने उचलला आणि सावकाश सुरूकडे गेलं. ऑस्प्रेने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. थोड्या वेळाने ती परत खाडीवर फिरत होती.

माझ्या सासूबाई एकनाथी भागवत वाचायच्या. अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो, त्यात एक कुरर पक्षी आहे. त्याच्याकडे मांस होतं म्हणून बलवान पक्षी त्याच्यावर तुटून पडले. त्याने ते टाकलं आणि तो सुखी झाला. सासूबाई यातून अपरिग्रह सांगायच्या, आणि ते त्यांच्या जागी योग्यच होतं. मी मात्र खाडीवर बघते तेव्हा मला त्या पक्ष्याचा हिशेब दिसतो. मासा परत मिळतो. पंख मोडला तर पुढचा एकही मिळत नाही. पाठलाग बघताना हा हिशेब डोक्यात ठेवा, म्हणजे कधी सोडणार याचा अंदाज येऊ लागतो. चोर तिप्पट मोठा असेल तर मासा लवकर सुटतो. बरोबरीचा असेल तर पाठलाग लांबतो आणि पुष्कळदा चोरालाच दम लागतो.

दुसरी चोरी वाळूवरची, माझ्यापासून दहा पावलांवर. ब्राह्मणी बांगडा घेऊन ओल्या वाळूवर उतरली होती. दोन कावळे आले. एक समोर, हातभर अंतर राखून, इकडून तिकडे उड्या मारत राहिला. दुसरा मागून चालत गेला. कावळा चालत येतो तेव्हा काहीतरी ठरवून आलेला असतो. त्याने तिच्या शेपटीचं पीस चोचीत धरून ओढलं. ती गर्रकन मागे वळली, वळताना एक पाय माशावरून सरकला, आणि समोरच्याने बांगड्याचा सुटलेला तुकडा उचलला. पण पळून तो एकटा गेला नाही, दोघेही गेले. पुढे तुकड्यावरून त्यांचं आपसांत जुंपलं. घारीकडे निम्म्याहून जास्त मासा उरला होता. तो तिने मुठीत घट्ट धरला आणि खायचं सोडून उडाली. म्हणून जमिनीवर बसून खाणारी घार दिसली तर तिच्या शेपटीकडे लक्ष ठेवा, डोक्याकडे नाही.

वही

लिहून ठेवलं नाही तर सगळ्या सकाळी एकसारख्या होतात. मी मासळीच्या हिशेबाच्या वहीतच मागच्या पानावर लिहिते. फार काही लागत नाही: वेळ, भरती की ओहोटी, कोणाकडे काय होतं, मागे कोण आणि किती, पाठलाग किती सेकंद चालला, शेवट काय झाला. शेवटाचे माझे ठरलेले शब्द आहेत: खाल्लं, टाकलं, हिसकलं, सुटलं. नमुना देते.

स. ७.५०, ओहोटी. मोठी ब्राह्मणी, बांगडा. मागे दोन ब्राह्मणी, एक पिल्लू. १५ से. सुटली, माडात.

स. ८.०५. पिल्लू, अर्धा बांगडा. मागे साधी घार. ५ से. टाकला, घारीने हवेत झेलला.

स. ८.०६. तीच घार, तोच अर्धा बांगडा. मागे तीन. ४० से. वाळूवर पडला. कावळा.

पहिली ओळ बघा. त्यात चोरी झालीच नाही, तरी लिहिली. लोक फक्त जमलेल्या चोऱ्या लिहितात आणि मग सांगत सुटतात की घारी नेहमी जिंकतात. फसलेल्या लिहिल्यात तर कळेल की चोरी हा बऱ्यापैकी तोट्याचा धंदा आहे. आणि तिसरी ओळ मिळते ती पहिल्या चोरीनंतर टाळ्या न वाजवता माशावर नजर ठेवली म्हणून. एकदा हिसकलेला मासा परत हिसकला जायची शक्यता चांगली असते, कारण पाठलागाने आणखी चार जणांचं लक्ष वेधलेलं असतं. सेकंद मोजायला फोनचं घड्याळ चालेल. वजनं, लांब्या अंदाजाने टाकू नका, "पायापेक्षा लांब", "शेपटीएवढा" असं लिहा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकणारे असाल तर हे सगळं त्या पक्ष्यापुढच्या शेऱ्यात टाका, नुसता आकडा टाकून मोकळे होऊ नका.

फोटोचं थोडक्यात. शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाच्या आसपास ठेवा, सलग फोटो सुरू ठेवा, आणि चौकटीत खाली जागा सोडा. मासा खाली पडतो आणि चौकट घट्ट असेल तर नेमका तोच कापला जातो. ८×४२ची दुर्बीण पुरते. त्याहून मोठी घेतलीत तर हलणारा पक्षी सापडेपर्यंत प्रकरण संपलेलं असतं.

हे करू नका

फोटोसाठी मासे फेकू नका, नावाड्याला फेकायला सांगू नका. ती चोरी नव्हे, तमाशा. शिवाय घारींना माणसाच्या हाताची सवय लागते आणि मग किनाऱ्यावर पोरांच्या हातातली भजी जातात. आमच्याच एका पाहुण्यांच्या हातून तळलेला बांगडा ताटासकट उडाला. बांगडा घारीने नेला, ताट मला धुवावं लागलं.

काकणाच्या घरट्याजवळ जाऊ नका. किनाऱ्यालगतच्या उंच झाडावर काटक्यांचा मोठा ढीग असतो, वर्षानुवर्षं तोच वापरतात, आणि खाली समुद्रसापांची हाडं पडलेली असतात, त्यावरून ते ओळखता येतं. हिवाळा हा त्यांचा विणीचा काळ, म्हणजे नेमका तुमचा फिरायचा. ड्रोन तर नकोच नको. काकण वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, पण कायद्याचं सोडा, आईबाप उठून गेले की पिल्लावर कावळे बसतात.

पक्षी जाळ्याच्या नायलॉनमध्ये अडकलेला दिसला तर स्वतः ओढाताण करू नका. अंगावर टॉवेल टाका, डोळे झाकले की तो शांत होतो. हवा जाईल अशा खोक्यात ठेवा, तोंडात पाणी ओतू नका, आणि वनविभागाला १९२६ वर फोन करा.

पावसात आलात तर

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद, रापणीही नसतात, किनारा ओस. तेव्हा मळ्यात चला. भाताच्या लावणीला चिखलणी चालू असते तिथे ब्राह्मणी घारी खेकडे आणि बेडूक उचलायला येतात. बेडूक लगेच संपतो, त्यामुळे त्याच्या मागे कोणी लागत नाही. खेकड्याला मात्र वेळ लागतो. घार बांधावर बसून त्याचे पाय तोडत असते आणि कावळे बाजूला वाट बघत असतात. इथे उभं राहायची जागा म्हणजे मांगराची (शेतातल्या झोपडीची) पडवी. अंगात भडक रेनकोट नको, इरलं मिळालं तर उत्तम, नाहीतर काळी छत्री. बांधावरून चालताना जोताच्या पुढून जाऊ नका, मागून जा. घारीही मागेच असतात, नांगराने वर काढलेलं तिथेच मिळतं. आणि चपला माझ्या ओट्यावर काढून या, चिखलात राहिल्या तर शोधायला कोणी येणार नाही.